आवर घालणाऱ्या पेशी

आईला भाकरी थापता येईनाशी झाली तेव्हा आम्हाला कुणालाच त्याचं विशेष काही वाटलं नाही, हे आज लिहितानाही मनाला लागतं. २०१८ चा पावसाळा होता, कराडला पाऊस नुसता धरून बसलेला, आणि ती म्हणायची, सकाळी उठल्यावर बोटं धरल्यासारखी होतात गं, मूठच मिटत नाही. आम्ही म्हणायचो, दमट हवा आहे, वय झालं, दिवसभर पाण्यात हात असतात तुझे. पीठ मळून गोळा परातीत घ्यायची आणि थापायला गेली की मधल्या दोन बोटांच्या मुळाशी कळ यायची, मग ती तळव्याच्या खालच्या भागानं, मनगटाजवळच्या, दाबत दाबत भाकरी मोठी करायची. एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ, तव्यावर टाकली की फुगायचीच नाही. दहा-अकरा वाजेपर्यंत बोटं सुटायची आणि मग दिवसभर ती कामाला लागायची, त्यामुळे आम्हाला वाटायचं की आहे काहीतरी किरकोळ.

मग बांगड्या निघेनात. मग एक दिवस दाराची कडी उघडेना आणि ती आत उभी राहून हाक मारत होती.

तेल झालं, शेक झाला, मेथीचे लाडू झाले, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या, एका ठिकाणी युरिक ऍसिड म्हणून सांगितलं, एका ठिकाणी झीज म्हणून, पेनकिलर घेतली की आठ दिवस बरं. असे जवळपास चौदा महिने गेले. पुण्याला मी तिला संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेलं ते २०१९ च्या नोव्हेंबरात, तेही ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं म्हणून, नाहीतर असे वेगळे डॉक्टर असतात हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी रिपोर्टची फाईल बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "आई, सकाळी उठल्यावर पूर्ण मूठ मिटायला किती वेळ लागतो?" आई म्हणाली दोन तास तरी. मग त्यांनी तिचा हात हातात घेऊन बोटांच्या मुळाचे सांधे दोन्ही बाजूंनी हलकेच दाबले आणि ती कळवळली. झिजेच्या सांधेदुखीत सकाळचा आखडलेपणा बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत जातो, तासाच्या वर राहिला आणि दोन्ही हातांचे तेच तेच सांधे सुजले की शंका वेगळी घ्यायची, असं ते म्हणाले. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या दोन्ही टेस्ट पॉझिटिव्ह आल्या. रुमेटॉइड संधिवात.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, की तुमचे सांधे झिजलेले नाहीत, तुमच्या शरीरातलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून गेली आहे, ती थांबवली नाही तर हाड कुरतडलं जाईल आणि बोटं वाकडी होतील. आईनं विचारलं, "म्हणजे माझी शक्ती जास्त झालीय का?" डॉक्टर हसले नाहीत, थोडं थांबून म्हणाले, "जास्त नाही, बेशिस्त झालीय."

तो एक शब्द माझ्या डोक्यात तेव्हा गेला आणि नीट कळायला मात्र दोन-तीन वर्षं गेली, कारण पाचच महिन्यांत लॉकडाऊन लागला.

तेव्हाचं आठवा. टीव्हीवर, व्हॉट्सऍपवर, भाजीवाल्याच्या गाडीवर सुद्धा एकच शब्द, इम्युनिटी. इम्युनिटीचा काढा, इम्युनिटीचं लोणचं, इम्युनिटीची बिस्किटं. आईला संधिवातासाठी दिलेल्या मेथोट्रेक्सेट या गोळीच्या जोडीला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन होतं, एचसीक्यू म्हणतात ते, आणि मार्च २०२० मध्ये ते कोरोनावर चालतं अशी बातमी फिरली आणि बघता बघता मेडिकलमधनं गायब झालं. ज्यांना त्या गोळीची खरी गरज होती, ल्युपसवाले, संधिवातवाले, ते दुकानोदुकानी फिरत होते. मी कराडातली पाच दुकानं फोन करून पालथी घातली. त्यातच मामीनं आईला सांगितलं की अगं तू घेतेस त्या गोळ्या इम्युनिटी मारणाऱ्या आहेत, या दिवसांत असलं काही घेतात का, आणि आईनं मला न सांगता मेथोट्रेक्सेट बंद केली आणि गुळवेलीचा काढा सुरू केला, सकाळ-संध्याकाळ वाटीभर. मामीच्या मनात मायाच होती, तिला दोष देत नाही मी. सगळा देशच तसं बोलत होता.

जूनमध्ये आईचे गुडघे, घोटे, मनगटं सगळं एकदम सुजलं. ब्लाऊजचं हुक लावता येईना. रक्त तपासलं तर ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, वर गेलेला आणि लिव्हरचं एसजीपीटी सुद्धा वाढलेलं. डॉक्टरांनी फोनवर आधी काढा बंद करायला लावला. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची माहिती प्रसिद्ध केली, त्यात प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटल्यासारखं चित्र दिसत होतं. आयुष मंत्रालयानं त्याला हरकत घेतली, दुसरीच सारखी दिसणारी वेल असेल असं म्हणणं पडलं, मग पुढे देशातल्या १३ केंद्रांमधनं अशाच ४३ पेशंटचा अभ्यास आला. मी काही आयुर्वेदाच्या विरोधात नाही, आमच्या घरात ओवा, हळद, सुंठ सगळं चालतं. पण जी गोष्ट प्रतिकारशक्तीला डिवचते ती ज्याची प्रतिकारशक्ती आधीच बिथरलेली आहे त्यानं कुणाला न विचारता घ्यायची नाही, एवढं तरी त्या जाहिरातींच्या गदारोळात कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं होतं.

त्या जूनपासून मी वाचायला लागले. मी सायन्सवाली नाही, कॉमर्सची आहे, तरी चिकाटीनं वाचलं, आणि जे कळलं ते मला इतकं विलक्षण वाटलं की दिसेल त्याला सांगत सुटले.

आपल्या छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. लहानपणी चांगली मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते. टी पेशी म्हणून ज्या पांढऱ्या पेशी असतात त्या इथं तयार होऊन बाहेर पडतात. प्रत्येक टी पेशीच्या अंगावर शत्रू ओळखायचा एक साचा असतो आणि हे साचे शरीर अंदाधुंद बनवतं, कारण उद्या कुठला जंतू येणार हे आधी कुणाला माहीत? त्यामुळे काही साचे चुकून आपल्याच शरीराशी जुळणारे निघतात, कुणाचा सांध्याशी, कुणाचा थायरॉइडशी, कुणाचा स्वादुपिंडाशी. अशा पेशी थायमसमध्येच मारून टाकल्या जातात. सगळं इथंच संपतं असं शास्त्रज्ञांना बरीच वर्षं वाटत होतं.

पण जपानमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली होती. उंदराच्या पिल्लाची थायमस जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी काढली तर टी पेशी कमी होऊन पिल्लू दुबळं व्हायला हवं, बरोबर? झालं उलटंच. त्यांची प्रतिकारशक्ती पिसाळल्यासारखी स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडली. शिमोन साकागुची नावाच्या तरुण संशोधकाला यानं झपाटलं. त्यांनी निरोगी उंदरांच्या तयार टी पेशी घेतल्या आणि या पिल्लांना टोचल्या, तर पिल्लं वाचली. म्हणजे टी पेशींमध्येच कुठल्यातरी अशा आहेत ज्या बाकीच्यांना आवर घालतात! त्या काळात हे बोलणं सोपं नव्हतं, कारण दाबून ठेवणाऱ्या टी पेशी अशी एक कल्पना आधी येऊन गेली होती, तिचे काही पुरावे खोटे ठरले होते आणि बहुतेकांनी तो नादच सोडला होता. साकागुची मात्र त्याच वाटेवर राहिले, वर्षानुवर्षं, आणि १९९५ मध्ये त्यांनी त्या पेशी ओळखायची खूण दाखवून दिली, त्यांच्या अंगावरचं सीडी२५ नावाचं प्रथिन.

दुसरा धागा अमेरिकेतला, आणि तो मला जास्त आवडतो. १९४० च्या दशकात टेनेसीमधल्या ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत, जिथं किरणोत्सर्गाचे परिणाम तपासत होते, काही नर उंदीर खपल्या खपल्यांच्या कातडीचे जन्माला आले. प्लीहा आणि गाठी सुजलेल्या, काही आठवड्यांत मरायचे. त्यांना स्कर्फी असं नाव पडलं. पन्नास वर्षांनी मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल या दोघांनी वॉशिंग्टन राज्यातल्या एका कंपनीत बसून त्या उंदरांमध्ये नेमका कुठला जनुक बिघडलाय हे शोधायचं ठरवलं. आज हे काम भराभर होतं, तेव्हा एक्स क्रोमोसोमवरची डीएनएची सुमारे १७ कोटी अक्षरं समोर होती. ती गाळत गाळत पाच लाखांवर आणली, तिथं वीस जनुक असावेत असं दिसलं, मग एकेक घेऊन निरोगी आणि स्कर्फी उंदरात ताडून पाहायचं. पहिला, दुसरा, पाचवा, दहावा, काही नाही. बिघाड सापडला तो विसाव्यात, शेवटच्या! फॉक्सपी३ असं त्याचं नाव. २००१ मध्ये त्यांनी हेही दाखवलं की माणसांच्या मुलांमध्ये आयपेक्स नावाचा जो दुर्मिळ आणि भयंकर आजार होतो तो याच जनुकाच्या बिघाडामुळे. दोनच वर्षांत साकागुची आणि इतरांनी धागे जोडले, की साकागुचींच्या त्या आवर घालणाऱ्या पेशी ज्याच्या जोरावर घडतात तो जनुक हाच. आज त्यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात.

६ ऑक्टोबर २०२५ ला या तिघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मी लोकलच्या गर्दीत, एका हातानं वरची कडी धरलेली, बातमी वाचली आणि डोळ्यात पाणी आलं, खरंच आलं. रॅम्सडेल तेव्हा डोंगरात भटकत होते, फोन एअरप्लेन मोडवर होता, त्यामुळे नोबेलवाल्यांना ते लवकर सापडलेच नाहीत.

त्या रात्री आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे वर्गात मुलं दंगा करणारीच, पण मॉनिटर पाहिजे. एवढ्या एका वाक्यात तिला जे कळलं ते मला वाचून वाचून कळलं होतं.

तिच्या औषधांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गैरसमज इथंच सगळ्यात जास्त आहेत. मेथोट्रेक्सेट मूळचं कॅन्सरचं औषध, आणि त्याच्या मुळाशी एक आपला माणूस आहे, यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत त्यांच्या हाताखालच्या टीमनं फॉलिक ऍसिड बनवलं आणि मग त्याच्यासारखीच दिसणारी पण त्याला अडवणारी औषधं. त्यातलंच एक औषध देऊन १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये ब्लड कॅन्सरच्या मुलांना काही काळ का होईना बरं करून दाखवलं. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातली. संधिवातात ती अगदी कमी डोसमध्ये देतात, आणि कृपा करून हे लक्षात ठेवा, आठवड्यातून एकदाच. आमच्याकडे मेडिकलवाल्यानं एकदा पाकिटावर पेनानं "रोज १" लिहून दिलं होतं. डॉक्टरांनी कागदावर "फक्त रविवारी" लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या म्हणून माझ्या लक्षात आलं. ही गोळी चुकून रोज घेतली की तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी खाली जातात, माणसं दगावली आहेत. तुमच्या घरात कुणाला चालू असेल तर आत्ता उठून पाकीट बघा, मग पुढचं वाचा.

मेथोट्रेक्सेटनं भागत नाही त्यांना पुढची इंजेक्शनं देतात. सुजलेल्या सांध्यात टीएनएफ नावाचा एक पदार्थ उतू जात असतो, तो अडवून बघू असं लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रवींदर मैनी यांनी ठरवलं, मैनी जन्मानं लुधियानाचे, आणि १९९२ मध्ये पहिल्या पेशंटना ते औषध दिलं. कित्येकांच्या हातात बळ परत आलं. पण हे इंजेक्शन सुरू करण्याआधी आपल्याकडे डॉक्टर छातीचा एक्सरे काढतात, टीबीची टेस्ट करतात, आणि आईच्या बाबतीत ती वेळ येते की काय असं २०२२ मध्ये वाटलं तेव्हा मी विचारलं की सांध्याचा आणि टीबीचा काय संबंध. तर आपल्यातल्या कितीतरी लोकांच्या फुफ्फुसात टीबीचे जंतू लहानपणीच शिरलेले असतात आणि प्रतिकारशक्तीनं त्यांच्याभोवती पेशींचं कुंपण घालून त्यांना कोंडून ठेवलेलं असतं, माणसाला आयुष्यभर पत्ता नसतो. ते कुंपण बांधून ठेवायला टीएनएफच लागतो! तो पूर्ण अडवला की कुंपण ढासळतं आणि झोपलेला टीबी उठतो. सांधा पोखरणारा आणि टीबी कोंडणारा, पदार्थ एकच. हे ऐकल्यापासून मला "इम्युनिटी वाढवा" आणि "इम्युनिटी दाबा" ही दोन्ही वाक्यं सारखीच अर्धवट वाटतात.

उलटी बाजूही आहे. कॅन्सरच्या गाठी प्रतिकारशक्तीच्या अशाच आवर घालणाऱ्या व्यवस्थेआड लपतात, तिथं डॉक्टरांना लगाम सैल करायचा असतो. जेम्स ऍलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल यासाठीच मिळालं. लगाम सैल केला की काहींना थायरॉइड बिघडतो, आतडी सुजतात, म्हणजे आईच्याच जातीचे आजार. आणि ही औषधं महाग किती, तर बहुतेकांना नुसतं नाव ऐकूनच परत फिरावं लागतं. म्हणून मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी जे केलं त्याचं मला फार मोल वाटतं. डोकं-मान-तोंडाच्या कॅन्सरचे, पुढच्या टप्प्यावर गेलेले १५१ पेशंट, सगळ्यांना स्वस्तातल्या तोंडानं घ्यायच्या गोळ्या, आणि अर्ध्यांना त्याच्या जोडीला निव्होलुमॅब हे लगाम सैल करणारं औषध, पण नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, नुसतं २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. वर्षभरानं नुसत्या गोळ्यावाल्यांत १०० तले १६ हयात होते, निव्होलुमॅबवाल्यांत ४३. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आणि त्या स्वस्त गोळ्यांत एक कुठली होती माहितीय? मेथोट्रेक्सेट.

संशोधन म्हटलं की आपल्याला जपान-अमेरिका आठवतं, म्हणून एक घरचं सांगते. आपण फ्लेमिंगो बघायला जातो ते उजनीकाठचं भिगवण, तिथं १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमनं घरोघर जाऊन विचारलं, कुणाचा कुठला सांधा दुखतो. ज्यांनी कधी दवाखान्याची पायरी चढली नव्हती त्यांची सुद्धा नोंद झाली. त्यातनं कळलं की रुमेटॉइड संधिवात साधारण दोनशे मोठ्या माणसांत एकाला आहे. दोनशेत एक म्हणजे आमच्या आळीत किमान दोघं-तिघं, आणि त्यात बायकाच जास्त, ज्या म्हणणार पाण्यात हात असतात म्हणून दुखतंय.

आईचं आता बरं आहे. मेथोट्रेक्सेट आणि एचसीक्यूवरच निभावलं, इंजेक्शनपर्यंत गेलं नाही. उजव्या हाताचं मधलं बोट जरा वाकडं राहिलंय ते राहिलंय, चौदा महिन्यांचं ते. कालनिर्णयवर प्रत्येक रविवारभोवती निळ्या पेनानं गोल, गोळी घेतली की आत बारीक टिंब. दर तीन महिन्यांनी रक्त. भाकरी थापते, रोज नाही, पण थापते.

गेल्या महिन्यात मी कराडला होते तेव्हा शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या. वाटी दोन्ही हातांनी धरली होती, लहान मूल धरतं तशी. आई गॅस बारीक करून त्यांच्याकडे वळली.

"काय हो वहिनी, हात दुखतायत का?"

"अहो पावसाची हवा, दुसरं काय."

"सकाळी उठल्यावर मूठ मिटायला किती वेळ लागतो?"

काकू जरा गोंधळल्या, मग म्हणाल्या, "चहा होऊन भांडी होईपर्यंत नाहीच मिटत बघा."

आईनं त्यांच्या हातातली वाटी काढून ओट्यावर ठेवली, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटांच्या मुळाचे सांधे दोन्ही बाजूंनी हलकेच दाबले.